मनातील साचे आणि त्यांचे मोजमाप

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी दोन महिन्यांपूर्वी मला पत्र पाठविले व "आपल्या विषयावर काही तरी सांगा, परंतु मंडळींना कळेल असे सांगा" अशी आज्ञा केली. या आज्ञेचा पूर्वार्ध सोपा आणि उत्तरार्ध अवघड आहे. मी आयुष्याची चौतीस वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविले. तेथे विद्यार्थ्यांना न कळले तरी ते परीक्षेच्या धाकाने ऐकून घेत. येथे समोर माझे मामा बसले आहेत, ज्यांच्या लग्नात मी अक्षता टाकल्या त्या भाच्या बसल्या आहेत. त्यांना कसलाही धाक नाही. तेव्हा मोठमोठ्या शब्दांच्या आडोशाला मला जाता येणार नाही, हे मी प्रथमच मान्य करतो.

विषय असा आहे : इतर माणसांविषयी आपल्या मनात ज्या ठरीव समजुती असतात, आणि ज्या आपण कित्येकदा स्वतःशीही कबूल करीत नाही, त्या मोजता येतात काय? येत असल्यास त्या मोजमापावर कितपत विसंबावे? आणि आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने त्यातून काय घ्यावे? या शेवटच्या प्रश्नापाशी पोचल्यावर मला माझीच एक चूक आपणांपुढे मांडावयाची आहे. ती मांडण्यासाठीच मी हा विषय निवडला, असे म्हटले तरी चालेल.

छापखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना 'स्टीरिओटाइप' हा शब्द परिचित असेल. खिळे एकेक करून जुळवावयाचे, त्या जुळणीचा साचा घ्यावयाचा आणि साच्यात धातू ओतून अखंड पत्रा पाडावयाचा. मग खिळे पुन्हा न जुळविता त्या पानाच्या हव्या तितक्या प्रती निघतात. १९२२ साली वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने आपल्या 'पब्लिक ओपिनियन' या ग्रंथात हा छापखान्यातला शब्द उचलला आणि माणसाच्या मनाला लावला. माणूस समोर आला की त्याचे खिळे नव्याने जुळविण्याचे कष्ट आपण घेत नाही. मनात तयार असलेला पत्रा काढतो आणि छापून मोकळे होतो. कोकणातला म्हणजे हात आखडता, घाटावरचा म्हणजे बोलण्यात रांगडा, अमुक घराण्यातला म्हणजे तापट, बाईमाणूस म्हणजे व्यवहारात कच्चे. यांतले एकही वाक्य आपण तपासून पाहिलेले नसते. तथापि ज्याच्या मनात असे साचे आहेत तो दुष्टच असतो असेही नव्हे. जगात माणसे फार आणि आपल्यापाशी वेळ थोडा, म्हणून मन ही काटकसर करते. प्रश्न एवढाच की, या काटकसरीची किंमत कोण देतो?

हे साचे मोजण्याचा पहिला मार्ग सरळ होता : माणसांनाच विचारावयाचे. १९३३ साली डॅनियल कॅट्झ आणि केनेथ ब्रेली या दोघा संशोधकांनी प्रिन्स्टन विद्यापीठातील १०० विद्यार्थ्यांपुढे ८४ गुणावगुणांची यादी ठेवली आणि जर्मन, इटालियन, निग्रो, ज्यू, तुर्क इत्यादी दहा समाजांना यांतील कोणती विशेषणे लागू पडतात, ते निवडावयास सांगितले. ७८ विद्यार्थ्यांनी जर्मनांना 'शास्त्रीय वृत्तीचे' हे विशेषण दिले. तुर्क माणसाशी त्या मुलांचा क्वचितच संबंध आला असेल. तरी तुर्क क्रूर असतात, असे अनेकांनी बिनदिक्कत लिहून दिले. साचा अनुभवातून पडतोच असे नाही, तो बहुधा आयता मिळतो, हे त्या प्रयोगाने दाखविले.

परंतु विचारून मोजण्यात एक मोठी अडचण आहे. माणूस जे बोलतो तेच करतो, अशी हमी नसते. रिचर्ड लापिएर हे समाजशास्त्रज्ञ १९३० नंतरची दोन वर्षे एका तरुण चिनी दांपत्याबरोबर अमेरिकेत मोटारीने हिंडले. त्या काळी तेथे चिनी लोकांविषयी तीव्र तिटकारा होता. तरीही २५१ उपाहारगृहे व मुक्कामाच्या जागा यांपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे लापिएर यांनी त्याच ठिकाणांना पत्रे पाठवून "आपण चिनी गिऱ्हाइकास प्रवेश द्याल काय?" असे विचारले. ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी "नाही" असे लिहिले. हा लेख १९३४ साली प्रसिद्ध झाला. येथे कागदावरचा माणूस कठोर आणि दारातला माणूस सौम्य निघाला. आज बहुधा याच्या उलट घडते. कागदावर आपण सारे उदार असतो. सर्व माणसे सारखी, मुलगा-मुलगी समान, असे लिहून खाली सही करतो. ते खोटे असते असे मी म्हणत नाही. परंतु त्या सहीने मनातला पत्रा वितळत नाही.

मग न विचारता मोजावयाचे कसे? याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून, म्हणजे घड्याळातून, आले. आणि त्याची कथा एका गरीब कारकुनासारख्या माणसापासून सुरू होते. १७९६ साली ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी डेव्हिड किनब्रुक या आपल्या साहाय्यकास कामावरून दूर केले. अपराध एवढाच की, दुर्बिणीतील उभ्या धाग्यावरून तारा सरकल्याची वेळ तो मॅस्केलिन यांच्यापेक्षा सुमारे आठ दशांश सेकंदाने उशिरा नोंदवीत असे. पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, असा फरक उत्तमोत्तम निरीक्षकांतही असतो. किनब्रुकची नोकरी गेली ती गेली. पण मनाच्या व्यापाराला वेळ लागतो आणि तो माणसागणिक वेगळा असतो, ही गोष्ट शास्त्राच्या ध्यानी आली. १८६८ साली डोंडर्स या डच शास्त्रज्ञाने आणखी पुढचे पाऊल टाकले. दिवा लागताच बटण दाबावयाचे, यास लागणारा वेळ कमी. दोन दिव्यांपैकी कोणता लागला हे ओळखून दोहोंपैकी योग्य बटण दाबावयाचे, यास लागणारा वेळ अधिक. या दोहोंतील वजाबाकी म्हणजे निवड करण्यास मनाला लागलेला वेळ होय. ही वजाबाकी आपण लक्षात ठेवावी. पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

१९९८ साली अँथनी ग्रीनवाल्ड, डेबी मॅकघी आणि जॉर्डन श्वार्ट्झ या तिघांनी अमेरिकेत 'इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट' प्रसिद्ध केली. मराठीत आपण तिला 'अव्यक्त साहचर्य चाचणी' म्हणू. तिच्या मागील विचार ग्रीनवाल्ड आणि महझरीन बानाजी यांनी १९९५ साली एका निबंधात मांडला होता. बानाजीबाईंचा परिचय येथे करून देणे उचित होईल. त्यांचा जन्म १९५६ साली सिकंदराबादेत, एका पारशी कुटुंबात झाला व शिक्षण हैदराबादेत झाले. दिल्लीहून रेल्वेने घरी परतत असता वाटेतील एका स्थानकावर सामाजिक मानसशास्त्राचे पाच खंडांचे एक संकलन त्यांना अगदी स्वस्तात मिळाले. ते वाचून आपल्या आयुष्याची दिशा ठरली, असे त्यांनीच सांगितले आहे. पुढे त्या येल व हार्वर्ड या विद्यापीठांत प्राध्यापिका झाल्या. रेल्वेच्या फलाटावरील पुस्तके चाळणाऱ्या मुलांना कोणी रागे भरू नये, एवढाच बोध मी यातून काढतो.

ही चाचणी संगणकावर घेतात. परंतु ती कशी चालते हे समजण्यासाठी संगणकाची गरज नाही. आमच्या घरी गेल्या महिन्यात आम्ही तिची एक घरगुती आवृत्ती करून पाहिली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंच्या बत्तीस चिठ्ठ्या केल्या. आठ चिठ्ठ्यांवर पुरुष नातलग : आजोबा, काका, मामा, मेहुणा असे. आठांवर स्त्री नातलग : आजी, काकू, मामी, नणंद अशा. आठांवर नोकरीधंद्याचे शब्द : कचेरी, पगार, बढती, बैठक. उरलेल्या आठांवर घरातले शब्द : स्वयंपाक, पाळणा, केरवारा, देव्हारा. चिठ्ठ्या पिसून घेतल्या. पहिल्या खेपेस पुरुष आणि नोकरी यांच्या चिठ्ठ्या डाव्या हाताला, स्त्रिया आणि घर यांच्या उजव्या हाताला टाकावयाच्या. दुसऱ्या खेपेस जोड्या बदलावयाच्या : पुरुष आणि घर डावीकडे, स्त्रिया आणि नोकरी उजवीकडे. नात मोबाइलमधले घड्याळ घेऊन वेळ मोजीत होती.

पहिल्या खेपेस माझा हात पत्ते वाटावेत तसा चालला. अडतीस सेकंद लागले. दुसऱ्या खेपेस हात अडखळू लागला. 'काकू' ही चिठ्ठी उजवीकडेच जावयाची, हे ठाऊक असूनही 'बढती' तिच्या शेजारी टाकताना क्षणभर थबकत होतो. एक्कावन्न सेकंद लागले. मी दोन मुलींना शिकविले, त्यांच्या नोकऱ्यांचा मला अभिमान आहे; तरी तेरा सेकंदांचा हिशेब द्यावा लागलाच. मग सौभाग्यवती बसल्या. त्या अकरा वर्षे एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांचाही हात दुसऱ्या खेपेस अडखळला. त्या हसून म्हणाल्या, "अहो, शाळेत बैठक आटोपून घरी आल्यावर केर मीच काढीत होते ना? चिठ्ठ्यांना ते ठाऊक आहे."

या विनोदात बरेच शास्त्र आहे. मनात ज्या दोन गोष्टी एकत्र गुंफलेल्या असतात त्यांना एका बाजूस टाकणे सोपे जाते. ज्या तशा नसतात त्यांना एकत्र टाकण्यास वेळ लागतो. या दोन वेळांची वजाबाकी म्हणजे त्या गुंफणीची मापे. संगणकावर ही वजाबाकी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत करतात, सरावाचा परिणाम बाद व्हावा म्हणून काहींना आधी एक मांडणी व काहींना आधी दुसरी देतात, चुकांचाही हिशेब धरतात. आमची घरगुती चाचणी म्हणजे शास्त्र नव्हे. तो केवळ मासला.

१९९८ च्या मूळ प्रयोगांत प्रथम फुले आणि किडे यांच्यावर परीक्षा झाली. फुलांची सांगड सुखद शब्दांशी चटकन बसली, किड्यांची बसली नाही. म्हणजे साधन निदान उघड गोष्टी तरी ओळखते, असे ठरले. मग कोरियन वंशाचे आणि जपानी वंशाचे अमेरिकन विद्यार्थी बसविले. दोन्ही गटांत प्रत्येकाला आपल्या समाजाची नावे सुखद शब्दांशी जोडणे सोपे गेले. ज्ञातिमंडळाच्या सभेत हा निष्कर्ष सांगताना मला संकोच वाटत नाही. आपल्या माणसांविषयीचा जिव्हाळा हा गुन्हा नव्हे. त्याच्याच बळावर आपण आज येथे जमलो आहोत. परंतु जिव्हाळा जेव्हा निवाडा करावयास बसतो तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. द्वेष नसतानाही अन्याय होऊ शकतो, तो असा.

तिसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. २००९ साली ब्रायन नोसेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४ देशांतील पाच लाखांहून अधिक चाचण्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. सुमारे ७० टक्के लोकांच्या मनात विज्ञानाची सांगड स्त्रियांपेक्षा पुरुषांशी अधिक घट्ट होती, आणि या ७० टक्क्यांत स्त्रियाही होत्या. ज्या देशात ही सांगड अधिक घट्ट, त्या देशात आठवीच्या वर्गातील मुले विज्ञान व गणितात मुलींच्या अधिक पुढे असल्याचे दिसले. यात कारण कोणते व कार्य कोणते, हे या आकड्यांवरून ठरत नाही. एवढे मात्र ठरते की, साचा ज्याच्या विरुद्ध पडलेला असतो त्याच्याही मनात तोच साचा असू शकतो.

येथवर ऐकून एखादा उत्साही सभासद म्हणेल, "उत्तम! आता कार्यकारी मंडळाच्या प्रत्येक सभासदाची ही चाचणी घ्या आणि ज्याचा आकडा वाईट निघेल त्याला घरी बसवा." मी या सूचनेस विरोध करीन, आणि कारणेही सांगेन, कारण या साधनाच्या गुणांइतकेच त्याचे दोषही गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत उजेडात आले आहेत.

पहिला दोष अस्थिरतेचा. वजनकाट्यावर आज साठ किलो भरलेला माणूस पुढल्या आठवड्यात ऐंशी भरला, तर काटा आपण दुरुस्तीस पाठवू. याच चाचणीस तोच माणूस पुन्हा बसला तर त्याच्या दोन आकड्यांतील सहसंबंध सुमारे ०.५ एवढाच, म्हणजे मध्यम प्रतीचा, आढळतो. एका माणसाच्या एका आकड्यावरून त्याच्या चारित्र्याचा निकाल देणे म्हणूनच सर्वथा अयोग्य होय. दुसरा दोष असा की, आकडा आणि आचरण यांचा संबंध क्षीण आहे. ग्रीनवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अनेक अभ्यास एकत्र करून हा सहसंबंध ०.२७ च्या आसपास दाखविला. फ्रेडरिक ऑस्वाल्ड व इतरांनी २०१३ साली वंशविषयक अभ्यास नव्याने तपासून तो याहून कमी असल्याचे दाखविले. या वादात दोन्ही पक्षांचे विद्वान अद्याप माघार घेण्यास तयार नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे 'अव्यक्त' या शब्दालाच धक्का बसला आहे. २०१४ साली ॲडम हान व इतरांनी लोकांना चाचणीपूर्वीच आपला निकाल कसा लागेल ते सांगावयास लावले आणि लोकांनी ते बऱ्याच अंशी बरोबर सांगितले. तेव्हा हे साचे अगदी तळघरात दडलेले असतात असे नाही. ते माजघरात असतात, आपण केवळ तिकडे पाहण्याचे टाळतो.

चौथी गोष्ट सुधारकांना निराश करणारी आहे. मनातील हे साचे व्याख्यानांनी किंवा युक्त्यांनी पुसता येतात काय, हे पाहण्यासाठी पुष्कळ प्रयोग झाले. काल्व्हिन लाय व इतरांनी २०१६ साली नऊ उपाय तपासले. तत्काळ आकडे खाली आले, परंतु काही तासांत वा काही दिवसांत ते पूर्ववत झाले. २०१९ साली पॅट्रिक फोर्शर व इतरांनी ४९२ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात चाचणीचा आकडा बदलला म्हणून आचरण बदलले, असा पुरावा मिळाला नाही. म्हणजे आज मी कितीही रसाळ बोललो तरी उद्या सकाळी आपण सारे होतो तसेच असू. व्याख्यात्यास हे कबूल करणे जड जाते, परंतु सत्य आहे.

मग हे साधन टाकाऊ ठरले काय? नाही. आपल्यापैकी जे शेतकरी आहेत त्यांना पर्जन्यमापक ठाऊक आहे. तालुक्याच्या कचेरीतील त्या नळकांड्यात किती पाणी साचले यावरून कोणाच्या डोक्यावर पाऊस पडला आणि कोण छत्रीखाली होता, हे कळत नाही. परंतु तालुक्यात पाऊसमान कसे आहे आणि दहा वर्षांत ते कसे बदलले, हे कळते. कीथ पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली याच स्वरूपाचा विचार मांडला : हा आकडा व्यक्तीपेक्षा परिस्थितीविषयी, समूहाविषयी अधिक सांगतो. समूहाचे हवामान मात्र बदलते. टेसा चार्ल्सवर्थ आणि बानाजी यांनी २००७ ते २०१६ या दहा वर्षांतील ४४ लाख चाचण्या तपासल्या. अमेरिकेत समलिंगी व्यक्तींविषयीचा अव्यक्त कल सुमारे ३३ टक्क्यांनी आणि वंशाविषयीचा १७ टक्क्यांनी तटस्थतेकडे सरकला होता; वृद्धांविषयीचा मात्र फारसा हलला नव्हता. येथील पांढऱ्या केसांच्या मंडळींनी याची नोंद घ्यावी.

आता आपल्या देशाकडे येऊ. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात हे साधन प्रत्यक्ष वापरले गेले आहे. १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा राखून ठेवल्या; प्रधानपदेही आळीपाळीने राखीव झाली. कोणत्या गावी स्त्री प्रधान येणार हे लोकांच्या इच्छेवर नव्हे, नियमावर ठरत असल्यामुळे संशोधकांना तुलना करणे शक्य झाले. लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डफ्लो, रोहिणी पांडे व पेटिया टोपालोव्हा यांचा हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गावकऱ्यांना एकच भाषण ऐकविले, कोठे पुरुषाच्या आवाजात व कोठे स्त्रीच्या आवाजात. जेथे स्त्रीसाठी पद कधीच राखीव नव्हते तेथे पुरुषांनी स्त्रीच्या तोंडच्या त्याच शब्दांना कमी गुण दिले. जेथे स्त्री प्रधान होऊन गेली होती तेथे हा फरक उरला नव्हता. साहचर्य चाचणीतही 'स्त्री म्हणजे घर, पुरुष म्हणजे पुढारीपण' ही सांगड तेथील पुरुषांत सैल झालेली आढळली. गंमत अशी की, "तुम्हाला पुढारी पुरुष हवा की स्त्री?" असे विचारता आवड पूर्वीइतकीच पुरुषाकडे झुकलेली होती. आवड बदलली नाही, साचा मात्र बदलला; आणि जेथे दोन वेळा पद राखीव राहिले तेथे पुढे खुल्या जागांवरही स्त्रिया अधिक संख्येने निवडून आल्या. व्याख्यानाने जे होत नाही ते नियमाने आणि सहवासाने झाले.

जातीच्या बाबतीत साचा मनात मोजण्यापेक्षा त्याचा परिणाम व्यवहारात मोजणे हा मार्ग आपल्याकडे अधिक फलदायी ठरला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींस ४,८०८ अर्ज धाडले. पात्रता सारखी, फरक केवळ नावाचा. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जास बोलावणे येण्याची संभाव्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाच्या अर्जास सुमारे एक-तृतीयांश भरली. अर्ज चाळणाऱ्या त्या माणसांना आपण विचारले असते, तर त्यांनी "आम्ही गुणवत्ताच पाहतो" असे सांगितले असते आणि बहुतेकांना ते मनापासून खरे वाटले असते.

दुसरा अभ्यास रेमा हॅना आणि ली लिंडन यांचा, २०१२ सालचा. त्यांनी मुलांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांकडे तपासण्यास दिल्या व प्रत्येक पत्रिकेवर मुलाची जात चिठ्ठ्या टाकून ठरवावी तशी, वाटेल ती, लिहिली. 'खालची' जात लिहिलेल्या पत्रिकांना थोडे, परंतु निश्चितपणे कमी गुण पडले. आश्चर्य पुढेच आहे. हा फरक उच्च जातींच्या शिक्षकांच्या तपासणीत आढळला नाही. तो स्वतः तथाकथित खालच्या जातींतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत आढळला. यावरून त्या शिक्षकांना कोणी दोष देऊ नये. शतकानुशतके एखाद्या समाजाविषयी जे बोलले गेले ते त्या समाजाच्या कानांवरही पडतच होते. ज्यांनी ते बोलण्याची सुरुवात केली त्यांची जबाबदारी यामुळे उणावत नाही, उलट वाढते.

आता माझ्या चुकीकडे वळतो. गेल्या दिवाळीपूर्वी घरातील जुनी दप्तरे आवरताना, मी शिष्यवृत्ती समितीवर असतानाच्या शेऱ्यांच्या प्रती हाती लागल्या. एका वर्षी दोन अर्ज शेजारी शेजारी होते. दोघेही बारावी विज्ञान शाखेचे, दोघांनाही अभियांत्रिकीस जावयाचे होते. मुलीचे गुण मुलापेक्षा किंचित अधिकच होते. मुलाच्या अर्जावर माझ्या अक्षरात लिहिले होते : "होतकरू. बुद्धी तीव्र. पुढे नाव काढील." मुलीच्या अर्जावर : "कष्टाळू. नीटनेटकी. वर्तन उत्तम." मोठी शिष्यवृत्ती मुलास मिळाली, मुलीस पुस्तकांपुरती मदत. सभेत कोणीही तिच्याविरुद्ध एक शब्द बोलले नव्हते. मग मी त्या सात वर्षांचे सारे शेरे घेऊन बसलो. 'होतकरू' हा शब्द बहुतेक मुलांच्या अर्जांवर होता, 'कष्टाळू' बहुतेक मुलींच्या. गावे पाहिली. ज्या गावची मंडळी समितीत होती तेथील मुले 'चुणचुणीत' होती. दूरच्या, आडवळणाच्या गावची 'साधी' होती. यांतला प्रत्येक शब्द मी स्तुती म्हणून लिहिला होता, याचेच मला अधिक वाईट वाटते.

ती मुलगी आता संसारी आहे, शिक्षिका आहे. मी तिच्या घरी जाऊन कागद तिच्यापुढे ठेवले. तिने ते शांतपणे वाचले व म्हणाली, "काका, तुम्ही हे मुद्दाम केले नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हाही मला कोणाचा राग आला नव्हता. मला वाटले, मीच कमी असेन. पण एक सांगा, पुढच्या मुलीच्या अर्जावर तुम्ही काय लिहिणार?"

"मी मन शुद्ध करीन", असे उत्तर मी तिला देऊ शकलो नाही. ज्या संशोधनाचा धांडोळा मी आज आपणांपुढे घेतला त्याने ते उत्तर माझ्या हातून काढून घेतले आहे. मन शुद्ध करण्याची खात्रीची रीत अद्याप कोणापाशी नाही. परंतु अर्ज तपासण्याची रीत आपल्या हाती आहे. म्हणून माझ्या तीन सूचना कार्यकारी मंडळापुढे ठेवतो.

पहिली : शिष्यवृत्तीचा अर्ज समितीपुढे येण्यापूर्वी चिटणीसांनी त्यावरील नाव, आडनाव, गाव आणि मुलगा की मुलगी हा रकाना झाकून त्यास क्रमांक द्यावा. घरच्या उत्पन्नाचा विचार अवश्य व्हावा, परंतु तो गुणवत्तेचे आकडे पडल्यानंतर, निराळ्या कागदावर व्हावा. दुसरी : कशास किती गुण हे अर्ज उघडण्यापूर्वी ठरवावे, दोन सभासदांनी परस्परांशी न बोलता गुण द्यावेत आणि ते लिहून झाल्यावरच चर्चा व्हावी. विशेषणे लिहिण्याची मुभा असू नये. मजसारख्यास तर मुळीच नसावी. तिसरी : दर वर्षी किती मुले, किती मुली, कोणत्या तालुक्यांतील, यांना काय मिळाले, याचा तक्ता वार्षिक अहवालात छापावा. पर्जन्यमापक कचेरीत ठेवून भागत नाही, त्याची नोंदवही लागते.

या योजनेतही उणिवा आहेत. जी मुलगी पहाटे पाणी भरून, धाकट्या भावंडांना सांभाळून अभ्यासास बसते, तिच्या गुणपत्रिकेतच तो भार उतरलेला असतो. नाव झाकल्याने तो भार दिसेनासा होतो. तेव्हा झाकणे हा सर्व रोगांवरील उतारा नव्हे. परंतु निदान आमच्या लेखणीने त्यात भर घालू नये, एवढे त्याने साधेल.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या मुलांना आज मंडळ मदत करते. उद्या तीच मुले अधिकारी होतात, कारखाने काढतात, प्राध्यापक होतात. आज या सभागृहातही असे अनेक जण बसले आहेत, ज्यांच्या टेबलावर सर्व समाजांतील मुलामुलींचे अर्ज येतात. २००७ च्या त्या अभ्यासातील अर्ज कोणीतरी आपल्यासारख्याच सज्जनाने बाजूला सारले होते. स्वज्ञातीच्या शिष्यवृत्तीत घराणी आणि गावे झाकावयास आपण शिकलो, तर कचेरीत इतरांची आडनावे झाकावयासही शिकू. तेथे दुजाभाव आणि येथे न्याय असे दोन हिशेब एकाच माणसाच्या वहीत फार काळ चालत नाहीत.

ज्या वडीलधाऱ्यांनी हा निधी पै-पै जमवून उभारला त्यांच्या काळी मुलींचे अर्ज येतच नसत. ते येऊ लागावेत म्हणून आपल्याच कित्येक आज्या व आया घराघरांतून हिंडल्या. अर्ज आले, आता ते नीट वाचण्याचे काम आपले आहे.

सूचनांवर सर्वसाधारण सभेत मतभेद अवश्य व्हावेत. केवळ विषय पुढील वर्षावर ढकलू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.